आवाज पोचतो म्हणजे नेमकं काय पोचतं?

अकरावीत शिकणाऱ्या सोलापूरच्याच एका मुलीने तीन प्रश्न विचारलेत. तिचं घर सिद्धेश्वर तलावापासून जवळ, एका बोळात आहे. पहिला प्रश्न असा: पुस्तकात लिहिलंय की ध्वनी जाताना हवा पुढे जात नाही, मग पोचतं काय? दुसरा: गणपतीची मिरवणूक मागच्या रस्त्यावरून जाते तेव्हा घरात नुसती धडधड येते, गाण्याचे शब्द आणि लेझमीची छमछम का येत नाही? आणि तिसरा: पहाटे देवळाकडचं भजन तलावाच्या या काठाला स्वच्छ ऐकू येतं, दुपारी तोच स्पीकर चालू असला तरी का येत नाही?

मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं आणि गेली तीस वर्षं सोलापुरात साउंडचं काम करतो. लग्नाचे हॉल, गॅदरिंग, कीर्तनं, मैदानावरच्या सभा, सगळं केलं. तुझे तिन्ही प्रश्न मला कामात रोज भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नासाठी गड्ड्याच्या यात्रेतली दर्शनाची रांग आठव. मागे कुणीतरी धक्का दिला की पुढचा माणूस पुढे झुकतो, त्याच्या पुढचा झुकतो, आणि चार-पाच सेकंदांत तो धक्का पार गाभाऱ्याच्या दारापर्यंत जातो. धक्का देणारा मात्र होता तिथेच असतो. प्रत्येक जण वीतभर पुढे गेला आणि परत आपल्या जागी आला, एवढंच. पुढे गेला तो धक्का. हवेत हेच होतं. स्पीकरचा पडदा पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, तेच तुमच्या पुस्तकातलं संपीडन. पडदा मागे गेला की तिथली हवा विरळ होते, ते विरलन. दाबलेली हवा शेजारच्या हवेला ढकलते, ती पुढच्या हवेला. रांगेतली माणसं ज्या दिशेने झुकतात त्याच दिशेने धक्का जातो, म्हणून हा अनुतरंग. तलावात खडा टाकलास तर पाण्यावरचं पान वर-खाली होतं आणि तरंग आडवा काठाकडे जातो. हलणं एका दिशेला आणि तरंग तिच्या काटकोनात, अशा तरंगाला अवतरंग म्हणतात. (पाण्याचा कण खरं तर छोट्या गोलात फिरतो, त्यामुळे पाण्याचा तरंग पूर्ण अवतरंगही नाही. ताणलेल्या दोरीवरचा तरंग मात्र खरा अवतरंग.)

आता ही हवा किती हलते, ते ऐक, कारण पुस्तकात हे सहसा नसतं आणि मला ते फार थोर वाटतं. समोरासमोर बसून साधं बोलताना, 1000 हर्ट्झचा (सेकंदाला 1000 कंपनांचा) सूर धरला तर, हवेचे कण आपल्या जागेवरून एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी सरकतात. आणि शांत खोलीत जेमतेम ऐकू येणारा आवाज असेल तर ती हालचाल एका अणूच्या रुंदीपेक्षाही लहान असते. वातावरणाचा दाब साधारण 1,00,000 पास्कल. त्यात 0.00002 पास्कलची चढउतार झाली तरी निरोगी कानाला कळते. एवढी नाजूक वस्तू आपण डोक्याच्या दोन्ही बाजूंना घेऊन फिरतो.

वेगाबद्दल थोडक्यात. न्यूटनने हवेतल्या ध्वनीचा वेग सूत्राने काढला. त्याचं सूत्र शून्य अंशाच्या हवेला लावलं तर उत्तर सेकंदाला 280 मीटर येतं, खरा वेग 331 च्या आसपास. चूक कुठे होती? हवा दाबली तरी तापमान तेच राहतं, असं त्याने धरलं होतं. सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते ना, तसंच तरंगात दाबलेली हवा क्षणभर तापते, आणि ती उष्णता बाहेर जायच्या आत पुन्हा पसरायची वेळ येते. तापलेली हवा जास्त जोराने परत उसळते, म्हणून वेग वाढतो. ही दुरुस्ती लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने केली. परीक्षेला हे येतंच, पण सोलापूरकराने लक्षात ठेवायचं ते दुसरं: वेग तापमानावर ठरतो, आवाज मोठा की बारीक यावर नाही. 331 मध्ये तापमानाची 0.6 पट मिळव. जानेवारीच्या पहाटे 15 अंशांना 340 मीटर. मे महिन्यात दुपारी 42 अंशांना 356.

आम्हाला हा फरक पैशाच्या कामात लागतो. मोठ्या मैदानात स्टेजपासून 100 मीटरवर दुसरा स्पीकर लावला, तर तारेतून वीज तिथे तत्काळ पोचते, हवेतून आवाज मागाहून येतो. मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि भाषणाचा चिखल होतो. म्हणून मागचा स्पीकर मुद्दाम उशिराने वाजवतात, त्याला आम्ही डिले म्हणतो. थंडीत 100 मीटरला 294 मिलिसेकंद, भर उन्हाळ्यात 281. संध्याकाळी सहाला केलेलं सेटिंग रात्री दहाला मी पुन्हा तपासतो ते यासाठी.

आता तुझा दुसरा प्रश्न. त्याचं सगळं उत्तर एका मापात आहे, तरंगलांबी, म्हणजे एका संपीडनापासून पुढच्या संपीडनापर्यंतचं अंतर. ध्वनीबद्दल कुणी काहीही विचारलं की मी आधी मनात तरंगलांबी काढतो. वेगाला वारंवारतेने, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येने, भागायचं. ढोलाचा किंवा सबवूफरचा 70 हर्ट्झचा ठोका घे: 20 अंशांचा वेग 343 भागिले 70, म्हणजे जवळजवळ 5 मीटर. लेझमीच्या चकत्यांचा आवाज 5000 हर्ट्झचा धर: 7 सेंटिमीटर. एकाच मिरवणुकीतून निघालेल्या या दोन तरंगांत एक तुझ्या खोलीपेक्षा लांब आहे, दुसरा तळहाताएवढा. दोघांना वाटेत तीच घरं, तेच कोपरे लागतात, पण दोघांचं वागणं अगदी निराळं.

तरंग आपल्या लांबीएवढ्या किंवा तिच्याहून लहान अडथळ्याला वळसा घालून जातो. अडथळा तरंगलांबीच्या मानाने फार मोठा असेल तर त्याच्यामागे सावली पडते. पाच मीटरच्या तरंगाला बोळाचा कोपरा म्हणजे काहीच नाही, तो वळून आत येतो. सात सेंटिमीटरच्या तरंगाला तोच कोपरा डोंगराएवढा. पुढच्या मिरवणुकीला बोळाच्या आत दहा पावलं उभी राहा. आधी ढोल ऐकू येईल, बराच वेळ नुसता ढोलच. मग मंडळ बोळाच्या तोंडाशी आलं, पोरं समोर दिसायला लागली की त्याच क्षणी छमछम एकदम उघडते, कुणीतरी दार उघडावं तशी. दिसणं आणि छमछम ऐकू येणं हे बरोबर एकाच वेळी घडतं. ऐकशील तेव्हा पटेल.

मग भिंत. तरंगाला भिंतीपलीकडे जायचं तर भिंतच हलवावी लागते. जड वस्तू सावकाश ढकलली तर हलते, भराभर मागेपुढे करायची म्हटली तर जागची हलत नाही. सेकंदाला 70 वेळा ढकललेली भिंत किंचित का होईना हलते आणि तिची आतली बाजू तुझ्या खोलीत स्पीकरच्या पडद्यासारखी वागते. 5000 वेळा ढकलायला गेलं तर ती जवळजवळ ढिम्म. साध्या एकेरी भिंतीसाठी ढोबळ हिशेब असा की वारंवारता दुप्पट झाली की भिंत साधारण 6 डेसिबल जास्त अडवते. शिवाय लांबच्या वाटेत हवा स्वतःही बारीक, म्हणजे वरच्या वारंवारतेचे, सूर जास्त खाते.

आणि शब्दच का जातात? आपल्या भाषेत अ, आ, ओ हे स्वर खालच्या वारंवारतेत असतात, पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांवरून, आणि स, श, च, त यांचा जीव 2000 हर्ट्झच्या वर असतो. ते गेले की उरतं ते नुसतं गुणगुणणं. इथे मला माझे वडील आठवतात. ते यंत्रमागावर होते. त्या काळच्या धोट्याच्या मागांची खडखड ज्याने शेडमध्ये उभं राहून ऐकलीय त्याला सांगायला नको; शेजारच्या माणसाशीही खुणेने बोलायचं. अशा आवाजाने कानातल्या ज्या पेशी आधी मरतात त्या नेमक्या 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. वडिलांना ढोल ऐकू यायचा, गाडीचा हॉर्न यायचा, पण "सात" म्हटलं की "आठ" ऐकू यायचं. घरातले म्हणायचे, यांना हवं तेवढंच ऐकू येतं. तसं नव्हतं. त्यांच्या कानापर्यंत आमचे शब्द भिंतीपलीकडून आल्यासारखे यायचे. 85 डेसिबलमध्ये आठ तास ही कानाची सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहिलं तर ती पंधरा मिनिटं फार लवकर संपतात. तू लांब उभी राहा, आणि कानात बोळे घाल.

धडधडीबद्दल अजून एक, तुझ्या उपयोगाचं. खोली बारा फुटांची असेल तर 47 हर्ट्झचा अर्धा तरंग समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बरोबर मावतो. असा सूर आला की तो खोलीत घुमतो. तेव्हा हवेच्या दाबाची चढउतार भिंतींपाशी आणि कोपऱ्यांत सगळ्यात जास्त, मध्यभागी सगळ्यात कमी. त्या दिवसांत अभ्यासाचं टेबल कोपऱ्यातून काढून खोलीच्या मध्याकडे ओढ. आवाज बंद होणार नाही, पण छातीत बसणारा ठोका उतरेल.

दोन तरंग एकमेकांना भेटले की काय होतं, हे तुला बारावीत येईल. मला ते एका गॅदरिंगने शिकवलं. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. स्टेजच्या दोन्ही बाजूंना बेसचे खोके लावले, वाजवून बघितलं, ठीक वाटलं. कार्यक्रम सुरू झाला आणि मधल्या खुर्च्यांवरचे पाहुणे म्हणायला लागले, आवाजात दम नाही. मी बेस वाढवला. कडेला बसलेली मुलं कान धरायला लागली, मधल्यांचं तेच गाऱ्हाणं. आणखी वाढवला, तरी तेच. शेवटी माझ्याबरोबरचे एक वयस्कर कारागीर उठले, मैदानात या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, बरोबर मध्यावर थांबले आणि परत येऊन एका खोक्याच्या मागच्या दोन तारा अदलाबदल करून लावल्या. मधल्या खुर्च्यांवर बेस धाडकन उभा राहिला. एका खोक्याला माझ्या हातून प्लस-मायनस उलटं लागलं होतं. एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा. मध्यावर दोघांचं अंतर सारखं, त्यामुळे एकाचं संपीडन आणि दुसऱ्याचं विरलन एकाच वेळी पोचायचं, आणि बेरीज जवळजवळ शून्य. आवाजात आवाज मिसळून शांतता होते, हे मी त्या दिवशी मैदानात उभं राहून ऐकलं. तारा बरोबर असल्या तरी एका खोक्याचं अंतर दुसऱ्यापेक्षा अर्ध्या तरंगलांबीने जास्त पडेल तिथे हेच होतं. 70 हर्ट्झला तो फरक अडीच मीटरचा. म्हणून मैदानात आडवं चालताना बेस चढतो आणि उतरतो.

हॉलचं दुखणं वेगळं. आपल्याकडची बरीच मंगल कार्यालयं म्हणजे गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर पत्रा. टाळी वाजवली तर दोन-तीन सेकंद घुमत राहते, त्याला निनाद म्हणतात. अशा हॉलमध्ये आवाज वाढवून काही मिळत नाही, निनादही तेवढाच वाढतो. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत सेबाइन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हार्वर्डच्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात खुर्च्यांवरच्या गाद्या आत-बाहेर करून निनादाचा काळ मोजला आणि नियम काढला: खोली जेवढी मोठी तेवढा निनाद जास्त, आत आवाज शोषणारं सामान जेवढं जास्त तेवढा कमी. आमच्या गावात याला उत्तम सामान घरोघरी आहे, सोलापुरी चादर. मागच्या भिंतीला जाड चादरी टांगल्या की बोलणं लगेच सुटं होतं. पण भिंतीला चिकटवून टांगू नको, चार बोटं पुढे टांग. भिंतीला लागून हवेचे कण हलूच शकत नाहीत, समोर भिंत आहे. भिंतीपासून पाव तरंगलांबीवर ते सगळ्यात जास्त हलतात, आणि कापड आवाज खातं ते या हलत्या हवेला आपल्या धाग्यांत घासून. दहा सेंटिमीटर अंतर म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या तरंगाचा पाव भाग, म्हणजे साधारण 860 हर्ट्झ, अगदी बोलण्याच्या पट्ट्यातला. तीच चादर, पण चार बोटांच्या अंतराने तिचं काम कितीतरी वाढतं. बेसला मात्र चादर पुरत नाही. पाच मीटरचा पाव भाग सव्वा मीटर होतो, एवढं पुढे कोण टांगणार?

तिसरा प्रश्न माझ्या सगळ्यात आवडीचा. लेझमीची एक लांब आडवी ओळ चालत येतेय असं समज. उजव्या टोकाची पोरं भराभर पावलं टाकायला लागली आणि डाव्या टोकाची हळू, तर सगळी ओळ डावीकडे वळते. कुणी वळा म्हटलेलं नसतं. आता ही ओळ उभी कर, खालून वरपर्यंत. हाच ध्वनीचा तरंग. दुपारी जमीन तापलेली, तिच्या लगतची हवा गरम, वरची थंड. म्हणजे तरंगाचं खालचं टोक जोरात, वरचं हळू. ओळ वर वळते. स्पीकरचा आवाज थोडं अंतर गेल्यावर डोक्यावरून आकाशाकडे निघून जातो आणि जमिनीवर आवाजाची सावली पडते. पहाटे उलटं. रात्रभर जमीन निवलेली, तिच्यालगतची हवा गार, वरची त्यामानाने उबदार. वरचं टोक जोरात जातं आणि ओळ खाली वळते. जो आवाज वर निसटला असता तोही तलावावरून झुकून तुझ्या काठाला येतो. शांत सपाट पाणी त्याला न शोषता पुढे ढकलतं, आणि रस्त्यावरची रहदारीही तेव्हा थांबलेली असते. वाऱ्याचंही असंच आहे. वारा आवाज वाहून आणतो असं आपण म्हणतो, पण सेकंदाला 340 मीटर जाणाऱ्या तरंगाला पाच मीटरच्या वाऱ्याने असा किती वेग मिळणार? खरं कारण हे की वर वारा जास्त असतो आणि जमिनीलगत कमी. म्हणून वाऱ्याच्या दिशेने जाणारी ओळ खाली झुकते, वाऱ्याविरुद्ध जाणारी वर.

बारीक तरंग नेहमी हरतातच असं मात्र नाही. विजापूरचा गोलघुमट सहलीत पाहिला असशीलच, सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. घुमटाखालच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं. मोठ्याने बोललं तर नुसता गोंगाट. कुजबुजीत बारीक, आखूड तरंगच जास्त असतात, आणि आतून वळलेल्या भिंतीला धरून ते पुढे पुढे सरकत जातात, हॉलभर पसरत नाहीत. सर सी. व्ही. रामन यांनी या घुमटाचाही अभ्यास केला होता. तबल्याच्या शाईमुळे त्याचे वरचे सूर मुख्य सुराच्या पूर्ण पटीत कसे येतात, हेही त्यांनीच 1920 मध्ये दाखवलं. हलगीला शाई नसते, म्हणून तिचे वरचे सूर असे पटीत बसत नाहीत, आणि ती कडक बोलते. वादक ती जाळावर धरतात तेव्हा कातड्यातला ओलावा जाऊन ते ताणलं जातं. ताण चौपट झाला तर सूर दुप्पट चढतो.

वेग स्वतः मोजायचा असेल तर दोन मैत्रिणींना घेऊन मोठ्या मैदानावर जा, जिथे समोर उंच सरळ भिंत आहे. भिंतीपासून टेपने मोजून 60 मीटरवर उभी राहा. एक टाळी वाजव, प्रतिध्वनी ऐक. मग अशा लयीत टाळ्या वाजव की प्रत्येक प्रतिध्वनी दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये पडेल, टाळी, प्रतिध्वनी, टाळी, प्रतिध्वनी, सारख्या अंतराने. लय बसली की मैत्रिणीने मोबाईलवर वेळ लावायची. पहिल्या टाळीला शून्य म्हणायचं आणि विसाव्या टाळीपर्यंत मोजायचं. तेवढ्यात प्रतिध्वनीचा काळ चाळीस वेळा गेला. म्हणून एकूण वेळेला चाळीसने भाग, म्हणजे एका प्रतिध्वनीचा काळ मिळेल. भिंतीपर्यंत जाऊन परत यायचं अंतर 120 मीटर, त्याला त्या काळाने भाग. थंडीच्या सकाळी विसाव्या टाळीला साधारण 14.1 सेकंद यायला हवेत. मग मे महिन्यात दुपारी, डोक्यावर रुमाल बांधून, त्याच जागी तेच कर. 13.5 च्या आसपास आलं, तर ते अर्धं सेकंद सोलापूरच्या उन्हाने कमी केलेलं असेल. एकदा करून थांबू नको, दहा वेळा करून सरासरी घे, आणि आकडे मला कळव.